अभिजात भूमिका-खेळांतील दोषविचार : अनुपस्थित सूत्रधाराचा प्रश्न

प्रस्तावना

व्हिडिओ गेम या माध्यमाची चर्चा आपल्याकडे बहुधा मुलांच्या सवयी, डोळ्यांचे आरोग्य आणि वेळेचा अपव्यय या अंगांनी होते. एक रचना म्हणून, म्हणजे कादंबरी, नाटक वा चित्रपट यांच्याप्रमाणे गुणदोषांची चिकित्सा करण्याजोगी कृती म्हणून, या माध्यमाकडे पाहण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. वास्तविक या माध्यमातील एक प्रकार असा आहे की, ज्याचा विचार साहित्याच्या अभ्यासकास टाळता येणार नाही. इंग्रजीत ज्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो हा प्रकार होय. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख 'भूमिका-खेळ' असा केला आहे. या खेळात खेळाडू एक पात्र धारण करतो, त्याचे गुण आणि कौशल्ये ठरवितो, त्याच्या वतीने संवाद व संघर्ष करतो आणि दीर्घ कथानकातून वाट काढतो. एक खेळ पूर्ण होण्यास तीस ते शंभर तास लागणे ही सामान्य बाब आहे.

या प्रकारातील काही कृती आता अभिजात मानल्या जातात. त्यांचे चाहते त्यांच्यावर मनापासून प्रेम करतात आणि त्याच वेळी त्यांच्या उणिवांची यादीही तोंडपाठ म्हणून दाखवितात. प्रेम आणि तक्रार यांचे हे सहअस्तित्व लक्षणीय आहे. या कृतींतील दोष कोणत्या स्वरूपाचे आहेत, ते कोठून उद्भवतात आणि ते दूर केले असता कृती अधिक चांगली होते की उणी होते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. गेल्या काही वर्षांत जुन्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या आणि पुनर्निर्मिती मोठ्या प्रमाणावर होत आहेत. नव्या पिढीच्या हाती मूळ कृती न पडता तिचे दुरुस्त रूपच पडण्याचा संभव आहे. अशा वेळी दुरुस्त काय करावे आणि जपावे काय, याचा विवेक आवश्यक ठरतो.

दोषाचे उगमस्थान आणि दोषाची कसोटी

भूमिका-खेळाचा जन्म संगणकावर झालेला नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फासे आणि मेजाभोवती बसलेली चार-सहा माणसे एवढेच त्याचे साहित्य होते. त्यांपैकी एक जण जग उभे करी, इतर पात्रे बोलवी आणि नियमांचा अर्थ लावी. त्यास 'डंजन मास्टर' म्हणत. नाट्यपरंपरेतील परिचित शब्द वापरायचा तर तो या खेळाचा सूत्रधार होय. फाशावर पडलेला आकडा हा नियम खरा. परंतु प्रसंग पाहून नियम वाकविण्याचा, खेळाडूच्या पात्रास साजेशी संधी निर्माण करण्याचा आणि हास्यास्पद निष्पत्ती टाळण्याचा अधिकार या सूत्रधाराकडे होता.

संगणकाने या खेळातील आकडेमोड सहज उचलली. सूत्रधाराचा विवेक मात्र त्यास उचलता आला नाही. आकडे राहिले आणि आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस गेला. अभिजात भूमिका-खेळांतील बहुतेक रचनादोष या एका स्थित्यंतरातून उद्भवतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोष ओळखण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील दोषविचार येथे उपयुक्त ठरतो. मम्मटाने दोषाचे लक्षण सांगताना मुख्यार्थास पोहोचणारी बाधा हा निकष मानला आहे आणि काव्यात मुख्य स्थान रसास दिले आहे. त्यापूर्वी आनंदवर्धनाने काही दोष अनित्य असल्याचे दाखविले होते. कर्णकटू वर्णरचना शृंगारात दोष ठरते. तीच रौद्रात गुण ठरू शकते. याचा अर्थ असा की, एखादी गोष्ट स्वतंत्रपणे तपासून तिला दोष म्हणता येत नाही. ती कोणत्या मुख्यार्थास बाध आणते ते पाहावे लागते. हाच विचार खेळांना लावल्यास एक व्यावहारिक कसोटी हाती येते. जी उणीव काढून टाकली असता कृतीच्या मुख्य आशयास काहीच हानी पोहोचत नाही, ती नित्य दोष होय. जी काढताना आशयाचाही काही अंश निघून जातो, ती अनित्य दोष होय. पुढील विवेचनात ही कसोटी काही निवडक कृतींना लावली आहे.

मोजलेला सद्गुण : 'अल्टिमा ४'

रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार' हा खेळ १९८५ मध्ये आला. मालिकेतील आधीच्या तीन खेळांत एकेक दुष्ट शक्ती होती व तिचा नाश हे उद्दिष्ट होते. त्यासाठी दुकानात चोरी केली वा नगरजनांवर शस्त्र उगारले तरी विजयास बाध येत नसे. चौथ्या खेळात खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनय या आठ गुणांत पूर्णत्व मिळवून 'अवतार' होणे, हेच उद्दिष्ट आहे. संस्कृतातील हा शब्द येथे नव्या अर्थाने येतो. आपल्या परंपरेत अवतार म्हणजे ईश्वराचे खाली येणे. येथे मनुष्याने आचरणाने वर चढणे अभिप्रेत आहे.

खेळाच्या आरंभी एक भविष्यवेत्ती स्त्री दोन गुणांना परस्परांविरुद्ध उभे करणारे प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून खेळाडूचे पात्र ठरते. पुढे जगात वावरताना प्रत्येक कृतीची गुप्त नोंद होत राहते. औषधी वनस्पती विकणारी स्त्री अंध आहे. तिच्यापुढे किती नाणी ठेवायची ते खेळाडूने ठरवायचे. कमी ठेवली तरी ती काही बोलत नाही. नोंद मात्र होते. १९८५ च्या यंत्रावर नैतिक प्रसंग इतक्या कमी सामग्रीत उभा करणे ही असामान्य कामगिरी होती.

दोष येथेच आहे. सद्गुण हा शेवटी एक आकडा असल्याने तो आकड्याप्रमाणेच वाढविता येतो. भिकाऱ्यास थोड्या थोड्या अंतराने एकेक नाणे देत राहिले की करुणा वाढते. वैद्याकडे रक्तदान करून, विश्रांती घेऊन, पुन्हा रक्तदान केले की त्याग वाढतो. मेजावरील सूत्रधाराने अशा खेळाडूस तिसऱ्याच नाण्याला हटकले असते. संगणक हटकत नाही. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे सर्प असलेला मोक्षपट मराठी वाचकास परिचित आहे. तेथे खेळणाऱ्याचे आचरण नव्हे, तर पडलेले दान त्यास वर नेते. 'अल्टिमा ४' ने दानाच्या जागी आचरण आणले हे मोठे पाऊल होते. तथापि आचरणाची जागा पुढे आवर्तनाने घेतली.

हा दोष नित्य की अनित्य? येथे रचनाकाराने योजलेला एक उपाय ध्यानात घ्यावा लागतो. गुणांचे आकडे खेळाडूस कधीच दाखविले जात नाहीत. राजवाड्यातील हॉकविंड नावाचा द्रष्टा विचारल्यास केवळ सूचक शब्दांत प्रगती सांगतो. मार्गदर्शक पुस्तिका हाती नसलेला खेळाडू त्यामुळे आकडा वाढविण्याऐवजी वागणे सुधारण्याचा प्रयत्न करतो. मोजणी आहे, परंतु ती पडद्याआड आहे. मोजणी काढून टाकली तर खेळास आचरणाची दखलच घेता येणार नाही आणि त्याचा मुख्यार्थ नष्ट होईल. म्हणून हा दोष अनित्य म्हणावा लागतो. पुढील काळातील ज्या खेळांनी सत्प्रवृत्ती व दुष्प्रवृत्ती यांची मोजपट्टी थेट पडद्यावर मांडली, त्यांनी 'अल्टिमा ४' चा दोष घेतला आणि त्यावरील झाकण मात्र टाकून दिले.

मुदत आणि सोबती : 'फॉलआउट'

इंटरप्ले या कंपनीने १९९७ मध्ये प्रकाशित केलेला 'फॉलआउट' हा खेळ अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडतो. भूमिगत आश्रयस्थानातील जलशुद्धीकरण यंत्रणेचा एक भाग निकामी झाला आहे आणि तो शोधून आणण्यासाठी नायकास १५० दिवसांची मुदत आहे. या मुदतीविषयी खेळाडूंनी पुष्कळ तक्रार केली. जग विस्तीर्ण असावे, पण ते निवांतपणे पाहू देऊ नये, ही विसंगती आहे असे त्यांचे म्हणणे होते.

सूक्ष्मपणे पाहता ही मुदत कथेचा कणा आहे. नायकाने कोठे रमावे, कोणाच्या भांडणात पडावे, यास येथे किंमत आहे, कारण मागे एक वस्ती तहानेने मरणार आहे. पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन १०० दिवस वाढवून घेता येतात. परंतु त्या व्यवहारामुळे आश्रयस्थानाचा ठावठिकाणा शत्रूस लवकर लागतो. नियमच येथे आशय बोलतो. मात्र मूळ आवृत्तीत आणखी एक मुदत होती. ५०० दिवसांनंतर शत्रूच्या आक्रमणाने खेळ संपुष्टात येई आणि पहिल्या मुदतीप्रमाणे तिची गणती खेळाडूच्या डोळ्यांसमोर नसे. नंतरच्या दुरुस्तीत ती जवळजवळ निष्प्रभ करण्यात आली. ही दुरुस्ती योग्यच म्हटली पाहिजे, कारण डोळ्यांसमोर असलेली मुदत निर्णयास वजन देते, तर नजरेआड असलेली मुदत केवळ शिक्षा करते. एकाच खेळात एकाच स्वरूपाचा नियम एका ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी दोष ठरतो, हे आनंदवर्धनाच्या भूमिकेचे उत्तम उदाहरण होय.

सोबत्यांच्या बाबतीत मात्र असे समर्थन करता येत नाही. इयान नावाचा सोबती हाती यांत्रिक बंदूक दिल्यास शत्रूबरोबर नायकाच्याही पाठीत गोळ्या घालतो. सोबती अरुंद दारात उभा राहिला की वाट अडते आणि त्यास बाजूस सरण्यास सांगण्याची सोय नाही. डॉगमीट हा कुत्रा या खेळातील सर्वांत प्रिय पात्र. खेळाच्या उत्तरार्धातील सैनिकी तळावर तो अनेकदा विद्युत्-कुंपणात स्वतःहून शिरून मरतो, आणि त्यास वाचविणे खेळाडूस कठीण जाते. हा मृत्यू करुण नाही. तो निव्वळ यंत्राच्या अज्ञानाचा परिणाम आहे. १९९८ च्या 'फॉलआउट २' मध्ये सोबत्यास बाजूस सारण्याची आणि लढाईतील वर्तन ठरवून देण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे जगाच्या उजाडपणास वा कथेच्या गांभीर्यास तसूभरही उणेपणा आला नाही. म्हणून हा नित्य दोष होय.

तिसरी उणीव कौशल्यांच्या यादीत आहे. आरंभी खेळाडूने अठरा कौशल्यांतून आपली निवड करायची. परंतु जुगार वा रानातील वावर ही कौशल्ये घेणाऱ्यास त्यांचा उपयोग दाखविणारे प्रसंग खेळात फारच थोडे आहेत. सूत्रधार असता तर त्याने जुगारी पात्रासाठी जुगाराचा एक अटीतटीचा डाव खास रचला असता. दुसरीकडे, कमी बुद्धिमत्ता निवडलेल्या नायकास बहुतांश संवाद धड बोलताच येत नाहीत, आणि अखेरच्या प्रतिस्पर्ध्यास योग्य पुरावा दाखवून केवळ बोलण्याने पराभूत करता येते. जेथे रचनाकारांनी प्रसंग आधीच कल्पिले, तेथे सूत्रधाराची उणीव जाणवत नाही. जेथे कल्पिले नाहीत, तेथे यादीतील शब्द पोकळ राहिले.

अनुपस्थितीचे मोल : 'फायनल फँटसी ७' आणि 'क्रोनो ट्रिगर'

जपानी परंपरेत निवडीच्या स्वातंत्र्यापेक्षा ठरलेल्या कथेस अधिक महत्त्व आहे. स्क्वेअर या कंपनीचा १९९७ मधील 'फायनल फँटसी ७' हा तीन सीडींचा खेळ जगभर लोकप्रिय झाला. पहिल्या सीडीच्या शेवटी एरिथ ही नायिका मारली जाते. व्हिडिओ गेमच्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत चर्चिला गेलेला मृत्यू आहे. त्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा : लढाईत पडलेल्या पात्रास उठविणारे औषध पिशवीत असताना एरिथला ते का देता येत नाही?

हा आक्षेप वरवरचा आहे. लढाईत पडणे म्हणजे मूर्च्छा आणि कथेतील मरण म्हणजे मरण, हा संकेत खेळाडू आरंभापासून स्वीकारतो. खरा दोष अन्यत्र आहे. या खेळात सर्व जादू व बहुतेक विशेष सामर्थ्ये 'मटेरिया' नावाच्या गोलकांत असतात आणि कोणतेही गोलक कोणत्याही पात्रास देता येते. एरिथ गेल्यावर तिने धारण केलेली गोलके समूहाकडेच राहतात. तिचे काही खास प्रहार आणि तिची शस्त्रे वगळता लढाईच्या हिशेबात फारसे काही हरवत नाही. कथा सांगते की हिची जागा कोणी घेऊ शकणार नाही. नियम सांगतो की कोणीही घेऊ शकेल. शोक संगीतात आहे, दृश्यात आहे. आकड्यांत तो नाही.

याच कंपनीच्या १९९५ मधील 'क्रोनो ट्रिगर' शी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. त्या खेळात प्रत्येक पात्राची कौशल्ये त्याचीच असतात आणि दोन वा तीन पात्रांनी मिळून करावयाचे संयुक्त प्रहार आहेत. कथेच्या मध्यावर नायक क्रोनो स्वतःच मारला जातो. त्याच्याबरोबर त्याची तलवार जाते, त्याची वीज जाते आणि त्याच्या साथीने होणारे सर्व संयुक्त प्रहारही जातात. पुढच्या प्रत्येक लढाईत खेळाडूस ही रिकामी जागा हाताला लागते. पुढे त्यास परत आणण्याची संधी मिळते तेव्हा ती केवळ भावनिक राहत नाही. नियम आणि कथा येथे एकच वाक्य बोलतात.

'फायनल फँटसी ७' मधील आणखी एक उणीव म्हणजे अवचित उद्भवणाऱ्या लढाया. चार पावले चालावे तोच पडदा फिरतो आणि लढाई सुरू होते. 'क्रोनो ट्रिगर' ने दोन वर्षे आधीच शत्रू पडद्यावर दृश्य ठेवून व लढाई त्याच जागी घडवून या प्रश्नावर मार्ग काढला होता. त्यामुळे यंत्राच्या मर्यादेचे समर्थन येथे टिकत नाही. २०१५ मधील पुनःप्रकाशित आवृत्तीत खेळाचा वेग तिप्पट करण्याची व अवचित लढाया बंद करण्याची सोय देण्यात आली, हे पुरेसे बोलके आहे. २०२० च्या पुनर्निर्मितीत मटेरिया कायम ठेवूनही प्रत्येक पात्रास लढण्याची स्वतंत्र रीत देण्यात आली. मूळ रचनेतील स्वातंत्र्य न गमावता पात्रांचे वेगळेपण राखता येते, हे त्यावरून सिद्ध होते. म्हणून हे दोन्ही दोष नित्य वर्गात मोडतात.

शब्द आणि आकडा : 'प्लेनस्केप : टॉरमेंट'

ब्लॅक आयल स्टुडिओने १९९९ मध्ये सादर केलेला 'प्लेनस्केप : टॉरमेंट' हा खेळ साहित्याच्या सर्वांत निकट जातो. ख्रिस ॲव्हेलोन हे त्याचे प्रमुख रचनाकार. नायकास नाव नाही, स्मृती नाही आणि मरणही नाही. तो शवागारातील एका फळीवर जागा होतो व आपण कोण होतो याचा शोध घेऊ लागतो. मनुष्याचा स्वभाव कशाने बदलू शकतो, हा प्रश्न खेळभर त्याचा पाठलाग करतो.

या कृतीने भूमिका-खेळाचा एक जुना दोष आशयात विरघळवून टाकला. एरवी नायक मेला की खेळाडू आधी साठविलेल्या जागी परततो आणि तो मृत्यू घडलाच नाही असे मानले जाते. येथे नायक मरतो, पुन्हा उठतो आणि ते उठणेच त्याचे दुःख आहे. नियमातील एक गैरसोय कथेचा विषय झाली. प्रस्तुत लेखाच्या कसोटीनुसार रचनेचा हा सर्वोच्च प्रकार होय.

असे असूनही हा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' च्या नियमपोथीस बांधलेला आहे. शक्ती, चपळता, बुद्धी, विवेक इत्यादी गुणांत बिंदू वाटून योद्धा, मांत्रिक वा चोर होता येते, असे खेळाडूस सांगितले जाते. प्रत्यक्षात बुद्धी आणि विवेक यांत बिंदू घालणाऱ्यासच हरवलेल्या स्मृती आणि महत्त्वाचे संवाद खुले होतात. शक्तीवर भर देणारा खेळाडू त्याच ग्रंथाची पाने गाळून वाचतो आणि पाने गळाली हे त्यास कळतही नाही. नियमपत्रक ज्या तीन वाटा दाखविते त्यांपैकी खरी वाट एकच आहे. शिवाय सिगिल हे नगर मागे पडल्यावर खेळाच्या उत्तरार्धात संवाद विरळ होतात आणि लढाया वाढतात. या लढाया हा खेळाचा सर्वांत दुबळा भाग आहे. पश्चात्तापाच्या संवादानंतरही अनुभवगुणांचा आकडा जमा होतो, तेव्हा दोन विसंगत भाषा एकाच पानावर आल्यासारख्या वाटतात.

हा दोष काढता येण्याजोगा होता काय, याचे उत्तर वीस वर्षांनी मिळाले. २०१९ मधील 'डिस्को एलिझियम' या खेळाने लढाईची स्वतंत्र व्यवस्थाच काढून टाकली. नायकाची चोवीस कौशल्ये त्याच्या मनातील आवाज होऊन बोलू लागली आणि फासा उलटा पडला तरी कथा थांबण्याऐवजी वेगळ्या वाटेने पुढे जाऊ लागली. म्हणजे हरवलेला सूत्रधार येथे लेखनाच्या रूपाने परत आला. 'टॉरमेंट' ची महत्ता त्यामुळे कमी होत नाही. उलट तिला स्वतःच्या नियमपोथीविरुद्ध किती झगडावे लागले हे ध्यानात येते.

दुरुस्तीची किंमत : 'मॉरोविंड' ते 'ऑब्लिव्हियन'

बेथेस्डा या कंपनीचा 'मॉरोविंड' (२००२) आणि त्याच मालिकेतील पुढील खेळ 'ऑब्लिव्हियन' (२००६) यांची तुलना या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे, कारण दुसऱ्या खेळाने पहिल्यातील अनेक उणिवा जाणीवपूर्वक दुरुस्त केल्या.

'मॉरोविंड' मध्ये तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली दिसते, तरीही वार लागत नाही, कारण पडद्यामागे फासा उलटा पडलेला असतो. कागदावरच्या खेळात सूत्रधार म्हणे, "वार हुकला," आणि ऐकणारा ते दृश्य मनात रंगवी. त्रिमित चित्रणात डोळ्यास एक दिसते व नियम दुसरेच सांगतो. 'ऑब्लिव्हियन' मध्ये दिसलेला वार लागतो. ही दुरुस्ती निर्विवाद आहे.

वाट शोधण्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. 'मॉरोविंड' मध्ये कामगिरी सोपविणारे पात्र पत्ता शब्दांत सांगते : अमुक पुलापाशी वळा, नदीच्या कडेने उत्तरेस जा, डोंगराच्या पायथ्याशी दार आहे. वर्णन कधी अपुरे असते, दैनंदिनीतील नोंदी विस्कळीत असतात आणि खेळाडू तासन्तास भरकटतो. परंतु त्या भरकटण्यातच व्हार्डनफेल हे बेट त्याच्या ओळखीचे होते. 'ऑब्लिव्हियन' ने होकायंत्रावर बाण दिला. कोणी हरवेनासे झाले आणि भूमीकडे पाहण्याचे कारणही उरले नाही. दैनंदिनी नीट लावणे ही नित्य दोषाची दुरुस्ती झाली असती. वर्णनाच्या जागी बाण आणणे हे अनित्य दोषाचे निर्मूलन ठरले व त्याबरोबर गुणही गेला.

'मॉरोविंड' मध्ये कथेस आवश्यक असलेल्या पात्रासही मारता येते. तसे केल्यास भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना मिळते आणि बिघडलेल्या जगात पुढे राहायचे की मागे परतायचे, हे खेळाडूवर सोडले जाते. 'ऑब्लिव्हियन' मध्ये अशी पात्रे मरत नाहीत. बेशुद्ध पडतात व पुन्हा उठतात. गैरसोय गेली, पण कृतीचे उत्तरदायित्वही गेले.

सर्वांत गंभीर बाब शत्रूंच्या सामर्थ्याची. 'मॉरोविंड' मध्ये काही प्रदेश नवख्यास जीवघेणे आहेत आणि पुढे तेच प्रदेश सहज पादाक्रांत करता येतात; त्या फरकातून वाढ जाणवते. हा असमतोल दूर करण्यासाठी 'ऑब्लिव्हियन' ने बहुतेक शत्रूंची ताकद नायकाच्या पातळीबरोबर वाढविली. परिणामी खेळाच्या उत्तरार्धात रस्त्यावरचा क्षुद्र लुटारूही अत्यंत मौल्यवान चिलखत घालून थोड्याशा खंडणीसाठी अडवतो. ज्या नायकाने वक्तृत्व वा व्यापार यांसारख्या कौशल्यांनी पातळी वाढविली, तो पातळी वाढताच तुलनेने दुबळा होतो. वाढीचे वचन देणाऱ्या प्रकारात वाढ निरर्थक व्हावी, हा मुख्यार्थाचाच घात होय. २०२५ मधील नव्या आवृत्तीत नायकाची पातळी वाढविण्याची पद्धत बदलण्यात आली. 'ऑब्लिव्हियन' च्या रचनाकारांचा हेतू वाईट नव्हता. सूत्रधार जसा समोरच्यांचा वकूब पाहून आव्हान बेततो, तसेच त्यांना करावयाचे होते. मात्र सूत्रधार आव्हान बेतत असताना जगाची विश्वसनीयताही सांभाळतो. सूत्रास ते भान नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अभिजात भूमिका-खेळांतील प्रमुख रचनादोष हे मेजावरील सूत्रधाराच्या विवेकाची जागा निव्वळ मोजणीने घेतल्यामुळे उद्भवले आहेत. केवळ तत्कालीन यंत्राची मर्यादा हे त्यांचे कारण म्हणता येत नाही. 'क्रोनो ट्रिगर' सारखी पूर्वकालीन कृती काही दोषांपासून मुक्त आहे.

२) दोषाचे गांभीर्य त्यामुळे होणाऱ्या गैरसोयीवर अवलंबून नसून, नियम कथेच्या मुख्यार्थास किती बाध आणतो यावर अवलंबून आहे. 'फॉलआउट' ची १५० दिवसांची मुदत त्रासदायक असूनही दोष नाही; 'फायनल फँटसी ७' मधील गोलकांची सोय सुखकर असूनही दोष आहे.

३) नित्य दोष दुरुस्त केल्याने कृतीची हानी होत नाही. 'फॉलआउट' मधील सोबत्यांचे वर्तन, अवचित लढाया आणि दिसूनही न लागणारा वार ही त्याची उदाहरणे होत.

४) अनित्य दोष सरसकट काढून टाकणे घातक ठरते. 'मॉरोविंड' मधील भरकटणे आणि असमतोल काढताना भूमीची ओळख आणि वाढीची जाणीवही गेली.

५) श्रेष्ठ कृती दोष लपवीत नाही वा केवळ पुसून टाकीत नाही, ती त्यास आशयात सामावून घेते. 'टॉरमेंट' मधील नायकाचे अमरत्व हे त्याचे ठळक उदाहरण होय.

जुन्या खेळांच्या पुनर्निर्मितीस विरोध करण्याचे कारण नाही. नाटकाची नवी रंगावृत्ती किंवा ग्रंथाची संपादित आवृत्ती निघते, तशा त्याही निघाव्यात. परंतु ग्रंथसंपादनात मूळ पाठ उपलब्ध ठेवून पाठभेद नोंदविण्याची जी शिस्त आहे, ती येथेही पाळली जाणे अगत्याचे आहे. एखाद्या वाचकास ग्रंथाचे अवघड प्रकरण नकोसे वाटले म्हणून संपादक ते गाळत नाही. 'मॉरोविंड' च्या धुक्यात वाट चुकलेल्या खेळाडूस ते बेट वीस वर्षांनंतरही आठवते. त्या वाट चुकण्यास दोष म्हणताना समीक्षकाने हे स्मरणही हिशेबात घेतले पाहिजे.